तीन बोटांचं टिपरू

लहान्याला लोक हट्टी म्हणत. मला ते मान्य नाही. हट्टी माणसाला आपलं चुकतंय हे दिसत नाही. लहान्याला ते नीट दिसायचं, आणि दिसल्यावर तो तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून करायला बसायचा. असल्या माणसाला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याच्या बायकोने, पोशीने, त्याला जी नावं ठेवली होती ती इथे लिहिण्याजोगी नाहीत.

ही हकिगत मला सुकरीआजीने सांगितली. ती लहान्याची धाकटी लेक. हे सगळं घडलं तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, पण सांगायची अशा ठसक्यात की त्या दिवशी खळ्यावर हीच बसली होती असं वाटावं. मी शंका काढली की म्हणायची, "तू होतास काय तिथं?" मी नव्हतो. म्हणून तिचंच धरून लिहितो आहे. जिथे तिने फुगवलं असं वाटलं तिथली हवा तेवढी काढली आहे.

जव्हारला तेव्हा राजाचं राज्य होतं. जामसरच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला, पंधरा-वीस घरांचा पाडा. भात, नागली, थोडी वरई आणि एक ढोल. ढोल पाड्याचा, कुणा एकाचा नाही. वाजवायचा मात्र लहान्याच. गळ्यात अडकवायचा, उजव्या तोंडावर टिपरू मारायचं, डाव्या तोंडावर पंजाची थाप. टिपरू म्हणजे ढोल वाजवायची हातभर काठी, दुसरं काही नाही. दसऱ्याला जव्हारला राजवाड्यासमोर पाड्यापाड्यांचे ढोल जमत, हातात हात गुंफून लोक नाचत. जो दसऱ्याला ढोल नेईल तोच पुढचं वर्षभर लग्नांत वाजवणार, असा पाड्याचा कायदा. तो कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे मोडायलाही कुणी धजत नसे.

त्या वर्षी चैत्रात एका घराचं आढं चढवताना दोर सुटला आणि लाकूड लहान्याच्या उजव्या हातावर आलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. दोष कुणाचाच नव्हता. आजी म्हणायची, बाप रडला नाही. मी म्हणतो रडला असणार. दोन बोटं गेल्यावर कोण रडत नाही? महिनाभर तो हात पाल्याच्या लगद्यात गुंडाळून छातीशी धरून बसला.

जखम भरली आणि पावसाच्या तोंडावरच्या एका लग्नात त्याने ढोल गळ्यात घातला. दुसऱ्याच ठोक्याला टिपरू हातातून निसटलं आणि नवऱ्याच्या मामाच्या गुडघ्यावर जाऊन आदळलं. सगळा मांडव हसला. लहान्याचा चुलतभाऊ फागू पुढे झाला. वीस वर्षांचा गडी, दहाच्या दहा बोटं शाबूत. त्याने टिपरू उचललं, लहान्याच्या गळ्यातला ढोल काढून घेतला आणि वरात घरी पोचेपर्यंत वाजवला. वर म्हणाला, "दादा, तू नाच ना आता." तो हे मायेनं म्हणाला होता, हे तर जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सोम्याने लहान्याला बोलावलं. सोम्या पाड्याचा कारभारी. वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे त्याला आजा म्हणत.

"लहान्या, तू लय वर्सं वाजवलास. आता फागू वाजवंल. दसऱ्यालाही तोच जाईल."

"दसऱ्याला कोण जाईल ते दसऱ्याला बघू, आजा."

"बघू त बघू. पन ढोल पाड्याचा हाय. तुझ्या हौशेचा नाय."

हे सोम्याचं बोलणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच लहान्याला रात्रंदिवस टोचत राहिलं. त्याला वाजवायची नुसती हौस नव्हती. ढोल नसला तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेतात तो इतरांसारखाच एक होता, उलट जरा सावकाशच. माणसं त्याला ओळखत होती ती ठेक्यावरून.

पोशी म्हणाली, "बाजू बदल. डाव्या हातात टिपरू धर, उजव्यानं थाप मार." त्याने मांडीवर करून पाहिलं. तुटलेल्या बोटांच्या खुंटांवर थाप बसली की डोळ्यांसमोर काजवे चमकत. डाव्या हाताला तर टिपरू म्हणजे नुसतं लाकूड. तो मार्ग तिथेच संपला. मग त्याने ठरवलं, हात बदलता येत नाही तर टिपरू बदलायचं. तीन बोटांना धरता येईल असं.

इथे एक अडचण होती, आणि ती आमच्याच लोकांची. आवणी उरकली, शेवटची रोपं चिखलात गेली, की ढोल सोम्याच्या घरात आढ्याला टांगायचा, दोन्ही तोंडांवर पानं बांधून. त्याला मग नवं होईपर्यंत, म्हणजे नवा दाणा देवाला दाखवेपर्यंत, कुणी हात लावायचा नाही. भात पोटरीत असताना ढोल वाजला तर दाणा भरत नाही, असं मानत. म्हणजे लहान्याला टिपरू बनवायला सारा पावसाळा मोकळा होता, पण ते कसं वाजतं हे कळायला ढोल नव्हता. चूल न पेटवता भाजीचं मीठ बघायचं, तसलं काम.

पैसा टाकून आणावं असं काही त्याच्या हाताशी नव्हतं, आणि जव्हारच्या बाजारात तीन बोटांचं टिपरू विकायला कोण बसलंय? जे लागलं ते रानातलं नाहीतर घरातलं. दांड्याला धामणीची फांदी, कारण धामण वाकते पण मोडत नाही. टोकाला कुड्याच्या हलक्या लाकडाचा लिंबाएवढा गोळा. त्यावर गुंडाळायला काटेसावरीचा कापूस, उशीसाठी पोशीने साठवलेला. बांधायला अंबाडीच्या वाखाचं सूत, मांडीवर वळलेलं. आणि मोहळाचं मेण, राळ मळलेलं, म्हणजे हातात पघळत नाही.

राहिलं कापड. कापड कुणाकडेच फालतू नव्हतं. त्याने स्वतःचं जुनं मुंडासं फाडलं, ते कुजलेलं निघालं. पोशीच्या जुन्या लुगड्याकडे नजर गेली तेव्हा तिने कोयता उचलला, असं आजी सांगायची. कोयता मी गाळतो. पण ती चिडली एवढं नक्की.

"माझं लुगडं ढोलाला घालतोस? मग मी काय पानं नेसू?"

तो गप्प बसला. आठवडाभर गप्प बसला. लहान्याच्या गप्प बसण्यापुढे पोशीने नेहमीच हात टेकलेले होते. आठव्या दिवशी तिने लुगड्याचा काठाकडचा वीतभर पट्टा फाडून त्याच्या अंगावर फेकला आणि वर दोन शिव्या दिल्या.

पहिली खटपट मुठीची. दांड्यावर सूत गुंडाळून त्याने जाड मूठ केली. घाम आला की ती फिरे. मग सुताचा फास करून मनगटात अडकवला. टिपरू पडेना, पण लोंबकळे. असं करत चार मुठी बांधल्या आणि चारही सोडल्या. सूत वाया जाऊ दिलं नाही, तेच पुन्हा वळायचं. पाचव्या वेळेला त्याने दांड्याला गरम मेणाचा जाड थर दिला आणि ते गरम असतानाच मुठीत आवळून बसला. चटके बसले. निवेपर्यंत त्याने मूठ सोडली नाही. मूठ उघडली तर मेणात त्याचा हात उमटला होता: एका बाजूला अंगठ्याची खोबण, दुसऱ्या बाजूला शेवटच्या दोन बोटांच्या, आणि गेलेल्या बोटांच्या जागी वर आलेला उंचवटा. त्या उंचवट्यावर खुंट नेमके टेकत आणि टिपरू हलत नसे. त्यावरून त्याने बारीक सूत असं घट्ट गुंडाळलं की एकही खोबण बुजली नाही. ते दाखवायला तो पोशीकडे गेला. ती चुलीपाशी होती. तिने पाहिलं, हात लावून पाहिलं. तिला रडू आलं होतं.

आता डोकं. ते किती मऊ, किती कडक, हे वाजवल्याशिवाय कसं कळणार? लहान्याने घरात नजर फिरवली आणि त्याला कणगी दिसली. बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली, पुरुषभर उंच. भादव्यात कणगी रिकामीच असते, तळाशी चार पायली नागली राहिली तर राहिली. त्याने टिपरू कणगीवर मारलं. आतून घुमलं. त्याला वाटलं, हाच तर आवाज. मग रोज कणगी. कापसाचा एक थर वाढवायचा, मारायचं, कान लावायचा, अजून एक थर. जसजसे थर वाढत तसतशी कणगी गोड बोलू लागली. सारवण मात्र ढलप्यांनी गळू लागलं.

"एकदाची फोड ती," पोशी म्हणायची, "म्हंजी आता येनारा दाना तुझ्या तोंडात ठेवू."

तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याआधी उठून सारवायचा. नवं होईपर्यंत टिपऱ्याचं डोकं वाढत वाढत पेरूएवढं झालं होतं.

हळवं भात, म्हणजे लवकर येणारं, पिकलं. नवं झालं. दसऱ्याला पाच दिवस होते. सोम्याने ढोल उतरवला, पानं सोडली, विस्तवाच्या धगीवर दोन्ही तोंडं शेकली. चामडं ताणलं गेलं. सगळा पाडा खळ्यावर जमला होता, कारण भादवाभर कणगीवर काय चाललंय ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. फागूने साध्या काठीने दोन ठोके दिले. कडाड् कडाड् असा आवाज निघाला आणि पोरं उड्या मारू लागली. मग लहान्याने ढोल गळ्यात घेतला. मूठ पक्की बसली आणि टिपरू चामड्यावर पडलं.

भप्.

पुन्हा मारलं. भप्. ओल्या गोधडीवर काठी मारावी तसलं काहीतरी. लोक हसले नाहीत, ते हसले असते तर बरं झालं असतं. सोम्याने जमिनीकडे पाहत म्हटलं, "जाऊ दे रे लहान्या."

चूक त्याला तिथल्या तिथे कळली. कणगी म्हणजे चामडं नव्हे. शेणाच्या सारवणाला मऊ डोकं मानवतं. ताणलेल्या चामड्याचा आवाज तेच डोकं पिऊन टाकतं. महिनाभर तो चुकीच्या भांड्याचं मन सांभाळत बसला होता. तो म्हणाला, "आजा, अजून चार दिस हायेत."

"चार दिसांत बोटं उगवतील काय?"

"बोटं नकोत माना. चार दिस दे." माना म्हणजे मला, पाड्याची बोली.

सोम्याने ढोल त्याच्याकडे राहू दिला, पण फागूला सांगून ठेवलं की जायचं तुलाच आहे.

त्या दिवसापासून लहान्याने घालायचं सोडून काढायला सुरुवात केली. सकाळी खळ्यावर बसायचा. एक थर सोडायचा, दोन ठोके, ऐकायचं. अजून एक थर सोडायचा. येणारे-जाणारे टोमणे मारत. कापूस निम्मा झाला तेव्हा भप्ची धप् झाली. मग त्याला सुचलं की सूत भिजवून बांधावं. अंबाडीचं ओलं सूत वाळताना आवळतं, आतला कापूस गच्च दाबला जातो. वरून मऊ, आत कडक. एक दिवस ते सावलीत वाळवण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मारून पाहिलं. धुम्म् असा आवाज आला, खालचा, भरलेला. पण खळ्यावर बसलेल्या माणसांना तो फागूच्या कडकडाटापुढे पुचाट वाटला. फागूने शेजारी उभं राहून वाजवून दाखवलंच. सगळे म्हणाले, हाच खरा. लहान्यालाही क्षणभर तसंच वाटलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

पोशी तेव्हा ओहळापलीकडच्या उतारावर नागली कापत होती. दुपारी भारा घेऊन परतली आणि आल्या आल्या विचारलं, "मागून कोन वाजवीत होता?"

"मागून म्हंजी?"

"आदी कुनी नुसतं तडतडवलं. मग कुनी ठेका धरला तो नीट आला पलीकडं. माझा हात ठेक्यावर कापाया लागला."

लहान्याने तिच्याकडे बघितलं. आधी फागूने वाजवून दाखवलं होतं, आणि सगळे गेल्यावर मागून लहान्याने स्वतः ठेका धरला होता. तो तडक उठला आणि सोम्याच्या दारात गेला, पोशी मागोमाग. त्याने सांगितलं, ढोल ऐकायचा तर लांबून ऐका. नाच सुरू झाला की ढोलकरी पुढे असतो आणि साखळीचं शेपूट कुठल्या कुठे असतं. जव्हारच्या गर्दीत तर पन्नास ढोल एकदम कडकडतात. शेवटच्या माणसाला आपला ठेका कळला पाहिजे. खळ्यावर बसून काय कळणार?

"बायको नवऱ्याचंच सांगनार," सोम्या म्हणाला.

"मग तू ये ना आजा पलीकडं," पोशी म्हणाली. "तुझं कान हायेत ना अजून?"

सोम्याचे गुडघे गेलेले होते आणि ओहळात उतरायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं. पण कानांचा अपमान त्याला सोसेना. काठी टेकत, कण्हत, पोशीला शिव्या घालत तो ओहळ उतरला आणि पलीकडचा उतार चढला. आधी कोण वाजवणार ते त्याला सांगायचं नाही असं ठरलं. ते लहान्या आणि फागू यांनीच खळ्यावर आपसांत ठरवलं. फागूने ते खुशीने मान्य केलं. त्याला भीती नव्हती.

फागूने आधी वाजवलं. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. खळ्यावरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मग लहान्याने ढोल घेतला. त्याने जोर लावला नाही. खोबणीत बोटं बसवली, खुंट उंचवट्यावर टेकले आणि नाचाचा साधा ठेका धरला, सुरुवातीचा, ज्यावर लोक नुसते झुलतात. मग चाल बदलली. मग पुन्हा पहिल्यावर आला. तळहाताला घाम सुटला होता, पण टिपरू जागचं हललं नाही.

सोम्या परत यायला बराच वेळ लागला. आला तो धापा टाकत दगडावर बसला.

"आदी कोन होता?"

"मी," फागू म्हणाला.

"तुझी लाकडं फुटल्यागत येत होती रे. पाय कुठं टाकावा कळंना." मग तो लहान्याकडे वळला. "तुझा आला. चाल बदललीस तीही आली."

"आजा नागलीत नाचला," पोशीने सगळ्यांना सांगितलं.

"पाय घसरला माझा," सोम्या म्हणाला.

सगळे हसले. फागू मात्र हसला नाही. तो पुढे आला. त्याच्या डोक्यात एक रास्त गोष्ट आली होती, आणि त्यात कपट नव्हतं. तो म्हणाला, "आजा, यात दादाचा हात बरा का टिपरू बरं? टिपरूच बरं आसंल त ते माना द्या. माझा हात धड हाय. मी त्यानं अजून बरा वाजवीन."

बोलणं बरोबर होतं. सोम्याने लहान्याकडे पाहिलं. सारा पावसाळा लहान्याने जे बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं, त्याच्याच जोरावर आता फागू त्याचा ढोल नेणार होता. नाही म्हणावं तर पाड्याच्या ढोलापेक्षा स्वतःची हौस मोठी ठरत होती. पोशी काहीतरी म्हणायला निघाली, त्याने तिला हाताने थांबवलं आणि टिपरू फागूला दिलं. ढोलही स्वतःच त्याच्या गळ्यात घातला.

फागूने टिपरू धरलं. अंगठा अंगठ्याच्या खोबणीत गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपापल्या जागी बसलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं कुठे ठेवायची तेच त्याला कळेना. त्यांच्या जागी उंचवटा होता. बोटं त्यावरून टाकली तर मूठ मिटेना. हवेत उभी ठेवली तर जोर येईना. उंचवट्याच्या वर धरलं तर डोक्याच्या इतकं जवळ गेलं की ठोका ढोलाच्या काठावर पडला. खट्. त्याने पुन्हा धरून पाहिलं. पुन्हा खट्. धट्टाकट्टा गडी, पण त्या मुठीत त्याची पाच बोटं मावत नव्हती.

त्याने ढोल उतरवला. टिपरू उलटंपालटं करून बघितलं, सुताची एकेक फेरी बोटाने चाचपली, मेणातला उंचवटा कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते पाहिलं. लहान्याच्या तुटक्या हाताकडे त्याने चैत्रानंतर बहुतेक पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. मग ढोल आणि टिपरू दोन्ही त्याच्यापुढे धरलं.

"दादा," तो म्हणाला, "माना असलं एक बांधून दे. पाच बोटांचं."

लहान्याने ढोल गळ्यात घातला.

"देतो ना," तो म्हणाला. "दसरा होऊ दे."